पैसे ‘सुरक्षित विघटना’चे, माल सीताबर्डीच्या बाजारात

नंदनवन भागातील आमच्या शिकवणी संस्थेने २०२० च्या टाळेबंदीत विद्यार्थ्यांसाठी घेतलेले साठेक टॅब मागच्या उन्हाळ्यापर्यंत कपाटात पडून होते. नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला तेव्हा त्यांतल्या काहींच्या बॅटऱ्या फुगल्या आणि काच कडेने उचलली गेली, त्यामुळे हा माल लवकरात लवकर बाहेर काढणे भाग होते. ही निकड हेरूनच की काय, हिंगणा एमआयडीसीत आपले युनिट असल्याचे सांगणारे एक गृहस्थ संस्थेत आले.

त्यांनी भंगाराचा भाव देऊ केला नाही. उलट डेटा नष्ट करणे आणि टॅब सुरक्षितपणे सुटे करणे यासाठी नगामागे १२० रुपये मागितले. भंगारवाला पैसे देतो आणि हे पैसे मागतात, त्याअर्थी काम नियमाने करणारे असावेत, असा समितीचा समज झाला आणि फसवणुकीची खरी मेख इथेच होती. सोबतच्या फाइलमध्ये जीएसटी नोंदणी, उद्यम प्रमाणपत्र, गुमास्ता आणि एक आयएसओचा कागद होता. यांपैकी एकही कागद ई-कचऱ्याचे पुनर्चक्रण करण्याची परवानगी देत नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार पुनर्चक्रण करणाऱ्याची नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर असावी लागते, आणि शिवाय राज्य मंडळाची संमती वेगळी लागते. फाइलमध्ये नेमके हेच दोन कागद नव्हते.

विश्वास बसावा म्हणून त्यांनी कार्यालयातल्या टेबलावर एक टॅब उघडून दाखवला. हीट गनने कडा तापवून गोंद सैल केला आणि प्लॅस्टिकची पट्टी फिरवून काच अलगद सोडवली. इथवर काम रीतसर होते. मग मात्र बॅटरीची जोडणी न काढताच त्यांनी तिच्याखाली सपाट लोखंडी स्क्रूड्रायव्हर घालून ती उचकटली. रुपेरी पाकीट मधोमध वाकले, आणि “काही होत नाही सर, चार्ज उतरलेला आहे,” म्हणत त्यांनी ते किल्ल्या नि सुटी नाणी असलेल्या पिशवीत टाकले.

यात किती धोका होता, हे पुढे सीताबर्डीतल्या एका अनुभवी दुरुस्ती कारागिराने आम्हांला समजावून सांगितले. टॅबच्या लिथियम-आयन बॅटरीला कठीण कवच नसते. पातळ पाकिटात तांबे आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचे थर असतात आणि त्यांच्यामध्ये केसापेक्षाही पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा असतो. तो पडदा फाटला की आतल्या आत शॉर्ट होऊन बॅटरी स्वतःच तापत जाते आणि पेट घेते. शिवाय आतल्या द्रावणातल्या क्षाराचा ओलाव्याशी संबंध आला की हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू तयार होतो. म्हणून जाणकार माणूस आधी चार्ज उतरवतो, टॅब उघडताच सर्वप्रथम बॅटरीची जोडणी काढतो, गोंदाखाली आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडून तो मऊ होईपर्यंत थांबतो आणि प्लॅस्टिकच्याच अवजाराने बॅटरी हळूहळू सोडवतो. टोकांवर इन्सुलेशन टेप लावून प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत आणि मग कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवली जाते. फुगलेल्या बॅटरीवर दाब द्यायचा नाही आणि तिच्याजवळ हीट गन न्यायचीच नाही.

माल गेल्यावर आम्हांला लॅमिनेट केलेले, होलोग्राम चिकटवलेले प्रमाणपत्र मिळाले. (समितीतील एक सदस्य त्या होलोग्रामची तारीफ अजूनही करतात.) त्यावर मालाबद्दल ‘एकूण २८ किलो ई-कचरा, डेटा नष्ट’ एवढाच मजकूर होता, एकाही टॅबचा सीरियल नंबर नव्हता. काही आठवड्यांनी एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी सीताबर्डीतून जुना टॅब विकत घेतला. त्याच्या पाठीवर आमच्याच मार्करने लिहिलेला ‘१७’ हा आकडा थिनरने अर्धवट पुसलेला होता आणि गॅलरीत रसायनशास्त्राच्या नोट्सचे व मुलांच्या ओळखपत्रांचे फोटो जसेच्या तसे होते. साधा फॅक्टरी रिसेटसुद्धा केलेला नव्हता. टॅबमधला डेटा मदरबोर्डवर डाखलेल्या मेमरी चिपमध्ये असतो. ती चिप रीतसर पुसलेली किंवा तिचा चुरा केलेला नसेल, तर ‘डेटा नष्ट’ हे शब्द केवळ कागदावरचे असतात.

हिशेब मग सहज लागतो. चालू टॅब विकले जातात. बंद टॅबचे मदरबोर्ड सोने, तांबे आणि पॅलेडियमसाठी काढून घेतले जातात, आणि अनधिकृत ठिकाणी ते उघड्यावर ॲसिडमध्ये बुडवून धातू वेगळे केले जातात. काच, प्लॅस्टिक आणि फुगलेल्या बॅटऱ्या सुरक्षितपणे हाताळायला खर्च येतो, म्हणून त्या कुठल्यातरी रिकाम्या भूखंडावर टाकल्या जातात. आमच्याकडून नगामागे घेतलेले १२० रुपये याच खर्चाच्या नावावर होते.

प्रमाणपत्रावर छापलेला नोंदणी क्रमांक केंद्रीय मंडळाच्या यादीत सापडला नाही. पैसेही त्या युनिटच्या नावे असलेल्या खात्यात गेले नव्हते, एका व्यक्तीच्या यूपीआयवर गेले होते. आता त्या गृहस्थांचा फोन बंद आहे. खरेदीच्या जुन्या बिलावर सगळे सीरियल नंबर होते, त्यामुळे भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीविषयीच्या कलम ३१८ खाली दिलेल्या तक्रारीसोबत ती यादी जोडता आली. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावरही नोंद केली आहे. ज्या शाळांना वा शिकवण्यांना फक्त वजन लिहिलेले असेच प्रमाणपत्र मिळाले असेल, त्यांनी आपली खरेदीची बिले काढून प्रमाणपत्र देणाऱ्याकडे सीरियल नंबर लेखी मागावेत, आणि उत्तर आले नाही तर तक्रारीला उशीर करू नये.