व्हर्च्युअलबॉक्समधे उबुंटू: ८ जीबी रॅमवरबी चांगलं चालायलंय

पोरगी लातूरला इंजिनिअरिंगला आहे, तिला लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) लागायलं म्हणून घरच्या विंडोज लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, म्हणजे विंडोजच्या आतच दुसरा नकली कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, त्यात उबुंटू म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, दोन महिने झाले रोज वापरायलोत. पहिल्या दिवशी हे आतलं मशीन चालूच होईना, व्हीटी-एक्स (प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) बंद आहे म्हणून एरर, मग बायोसमधे, म्हणजे लॅपटॉप चालू होतानाच्या सेटिंगमधे जाऊन व्हर्च्युअलायझेशन ऑन केलं तेव्हा कुठं जमलं.

लॅपटॉपची रॅम ८ जीबी असेल तर उबुंटूला ४ च द्या, जास्त दिली की विंडोज गुदमरतंय. डिस्क २५ जीबी तरी ठेवा. उबुंटूच्या आत गेस्ट ॲडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सचंच जोड सॉफ्टवेअर) टाकाच, त्याच्याशिवाय स्क्रीन एवढुशी दिसते अन् शेअर्ड फोल्डर (विंडोज अन् उबुंटू दोन्हीकडं दिसणारं) चालत नाही. जड गेमसाठी मात्र हे नको.

मला सगळ्यात आवडलं ते स्नॅपशॉट, म्हणजे मशीन त्या घडीला जसं आहे तसं जपून ठेवायचं! परवा पोरीनं टर्मिनलमधे उबुंटूला स्वतःलाच लागणारं पायथन काढून टाकलं, डेस्कटॉप येईना, रडकुंडीला आली, उद्या प्रॅक्टिकल होतं हो. आदल्या रात्रीचा स्नॅपशॉट रिस्टोअर केला, दोन मिनिटात जसंच्या तसं, विंडोजला धक्काबी नाही. आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही, बॅटरी उतरायली की सेव्ह स्टेट करायचं, म्हणजे चालू मशीन आहे तसं डिस्कवर ठेवून बंद करायचं, लाईट आली की अर्धवट प्रोग्राम तिथूनच पुढं.