पडदा चंदेरी, पैसे लोकवर्गणीचे

आमची शाळा परभणी जिल्ह्यातली, गोदाकाठची. प्रोजेक्टर एका माजी विद्यार्थ्याने दिला, 3000 लुमेन्सचा (लुमेन्स म्हणजे त्यातून बाहेर पडणाऱ्या उजेडाचं माप), चांगला. पडद्यासाठी गावाने वर्गणी काढली. कापूस वेचायला जाणाऱ्या बायांनी पन्नास-पन्नास रुपये आणून दिले. पैसे माझे एकट्याचे असते तर कदाचित गप्प बसलो असतो.

विक्रेता गोड बोलणारा. "गुरुजी, साध्या पडद्याचा गेन 1, आपला 3. तिप्पट उजेड! खिडक्या उघड्या ठेवून शिकवा." दुकानात त्याने शटर ओढलं, दिवे मालवले, मला बरोबर मधोमध खुर्ची दिली आणि फुलाफुलांची चित्रं दाखवली. पडदा झगझगत होता. मी 18,500 रुपये रोख मोजले. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटी कशाला भरता?" आणि कोऱ्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला.

वर्गात पडदा लावला त्याच दिवशी भिंतीकडेची पोरं ओरडायला लागली, "सर, काहीच दिसंना." मी उठून त्यांच्या जागी बसलो. अक्षरं राखाडी झालेली, वर समोरच्या खिडकीची चकाकी थेट डोळ्यात. मधल्या रांगेला मात्र चित्राच्या मध्यभागी पांढरा डाग दिसत होता आणि कोपरे अंधारात होते. दोन महिन्यांत गुंडाळीच्या घडीवर भेगा पडल्या, हाताला चंदेरी भुकटी लागू लागली. शाळेचं गेट रंगवायला आलेल्या पेंटरने बोट फिरवलं आणि म्हणाला, "गुरुजी, हे तर बॅनरचं फ्लेक्स हाय. अन् वर हा गेटला मारायचाच सिल्व्हर."

त्यानंतर मी हा विषय नीट वाचला. आधी वाचला असता तर गावाचे पैसे वाचले असते.

पडदा स्वतः उजेड तयार करत नाही. मॅग्नेशियम कार्बोनेटसारखा शुभ्र, बिनचकाकीचा पृष्ठभाग उजेड सगळीकडे सारखा पसरवतो. त्याला गेन 1 म्हणतात; गेन म्हणजे समोरून बघताना पडदा अशा पृष्ठभागाच्या किती पट उजळ दिसतो ते. गेन 3 म्हणजे बाजूंचा उजेड काढून मधल्यांना देणं. म्हणून गेनच्या जोडीला कोन विचारा: मधोमधपासून किती अंश सरकल्यावर उजेड निम्मा होतो? माझ्या विक्रेत्याने कोनाचं नावही काढलं नाही. शंभर इंची पडद्यासमोर चाळीस मुलं जमिनीवर पसरून बसतात, तिथे कोन हाच खरा प्रश्न.

आणि "खिडक्या उघड्या ठेवा" हे तर धादांत खोटं. शंभर इंची पडद्यावर आमचा प्रोजेक्टर साधारण 1000 लक्स टाकतो (लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणाऱ्या उजेडाचं माप). खिडकीचा उजेड 300 लक्स पडला तर पांढरं 1300 आणि काळं 300, म्हणजे फरक जेमतेम चौपट. खिडक्यांचे पडदे ओढून तोच उजेड 30 वर आणला की फरक चौतीसपट होतो. उजेडात चालणारे पडदे असतात, नाही असं नाही. त्यांच्यावर बारीक आडव्या कंगोऱ्या असतात, त्या वरून येणारा उजेड गिळतात आणि खालून येणारा बघणाऱ्याकडे वळवतात. पण ते भिंतीलगत खाली ठेवायच्या प्रोजेक्टरसाठी. आमच्यासारखा छताला टांगलेला प्रोजेक्टर असेल तर त्याचाच उजेड ते गिळतील. विक्रेत्याने दाखवलेल्या माहितीपत्रकावर फोटो अशाच पडद्याचा होता.

तुम्ही घेणार असाल तर दुकानात दिवे लावायला सांगा. पडद्याच्या मधोमध आणि एका कडेला कोरा पांढरा कागद चिकटवा आणि अगदी टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसा. तिथून कागदच पडद्यापेक्षा उजळ दिसला तर तो पडदा वर्गाच्या कामाचा नाही. फुलांची चित्रं नको, बारीक अक्षरांचा धडा लावायला सांगा. कोपऱ्यात नखाने हलकं खरवडा. आणि पक्कं बिल घ्याच. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मी फोन केला, तेव्हा पहिला प्रश्न बिलाचाच आला, आणि माझ्याकडे ती चिठ्ठी.

आता आम्ही भिंत घासून, लांबी भरून बिनचकाकीचा पांढरा रंग मारलाय आणि भोवती काळी पट्टी काढलीय. बचत गटाच्या बायांनी खिडक्यांना जाड काळं कापड शिवून दिलं. भिंतीकडेच्या पोरांना धडा वाचता येतो. वर्गणीचा हिशोब मी ग्रामसभेत उभं राहून वाचला, चिठ्ठीसकट. फ्लेक्स फेकलेलं नाही, ऑफिसात गुंडाळून ठेवलंय. आजूबाजूच्या कुठल्याही शाळेला पडदा घ्यायचा असेल तर आधी येऊन त्यावर हात फिरवून जा.