भूगोलाचा तास: पीपीटी की फळा?

नव्या वर्षात भूगोलाचे तास पीपीटीवर न्यायचे की फळ्यावरच ठेवायचे, हे ठरवायला बसला असाल तर आधी धड्यांची यादी समोर घ्या. उत्तर धड्यागणिक बदलतं.

दहावीच्या पुस्तकात भारताशेजारी ब्राझील आहे. तिथं पीपीटीला तोड नाही. रोंडोनिया राज्यातली उपग्रहचित्रं काही वर्षांच्या अंतरानं एकापाठोपाठ दाखवा: आधी एक रस्ता, मग त्याला फुटलेले फाटे, मग माशाच्या काट्यासारखी पसरलेली मोकळी जमीन. जंगलतोडीवर वेगळं टिपण द्यावं लागत नाही. मोसमी ढगांच्या इन्सॅट उपग्रहाच्या चित्रांचंही तेच. खडूनं ढग सरकवता येत नाहीत.

पुण्याच्या मुठा नदीचं खोरं शिकवताना मात्र मी फळाच घेईन. पीपीटीत नद्या, धरणं सगळं एका क्लिकवर येतं आणि वर्ग बघून मोकळा होतो. फळ्यावर निळ्या खडूनं आधी आंबी नदी काढायची, तिच्यावर पानशेत धरण. मग मोसीवर वरसगाव, मुठेवर टेमघर, आणि तिन्हींचं पाणी खडकवासल्यात आणायचं. मुलांची पेन्सिल तुमच्या खडूबरोबर चालते. मग 12 जुलै 1961 ला पानशेत फुटल्यावर खडकवासलाही का टिकलं नाही, असं विचारलं की उत्तर मागच्या बाकावरून येतं.

समोच्च रेषांना (समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या) दोन्ही साधनं अपुरी. 1:50,000 च्या स्थलदर्शक नकाशातला वेताळ टेकडीचा भाग पडद्यावर मोठा करून दाखवा, पण टेकडीचा उभा छेद आलेखकागदावर मुलांनीच काढायचा. (जमलं तर शनिवारी सकाळी टेकडीवरच न्या.)

तयारीचा हिशेबही बघा. पीपीटीला पहिल्या वर्षी रात्री जातात, पुढं ती वापरता येते. पण वर्ग प्रोजेक्टरच्या खोलीत नेऊन बसवेपर्यंत तासातली पाच-सात मिनिटं गेलेली असतात. पुस्तकातले परिच्छेद चिकटवलेली पीपीटी करणार असाल तर करूच नका, त्यापेक्षा पुस्तक वाचलेलं बरं.

बोर्डाच्या पेपरात नकाशाचा आराखडा हातानं भरायचा असतो, म्हणून एक मधला मार्ग: कोरा आराखडा प्रोजेक्टरनं थेट पांढऱ्या फळ्यावर टाका आणि मुलांना एकेक करून मार्करनं भरायला बोलवा. फक्त त्याआधी पडदा गुंडाळून ठेवा, नाहीतर ॲमेझॉन त्यावर कायमची वाहील.