कांदळवन: रोपं लावायची की पाट उघडायचा?

आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडच्या कट्ट्यावर सध्या हाच वाद आहे. वर्षातून एक रविवार आणि थोडी वर्गणी खाडीकाठच्या कांदळवनासाठी, म्हणजे खारफुटीच्या जंगलासाठी द्यायची, ती कुठल्या कामाला? रोपं लावायला, की तुंबलेले पाट मोकळे करून भरतीचं पाणी पुन्हा आत-बाहेर खेळू द्यायला? मी दोन्हीकडे चिखलात उतरलोय, म्हणून लिहितो.

रोपं लावण्याचं सुख मोठं आहे. पहाटे अडीचला निघायचं, त्र्यंबक-मोखाडा-जव्हार करत ओहोटी गाठायची, गुडघाभर चिखलात उभं राहून शेवग्याच्या शेंगेसारखं कांदळाचं रोप खोचायचं. परतताना हाताला काहीतरी लागल्यासारखं वाटतं. पाट उपसण्यात हे काहीच नाही. गाळ, दुर्गंधी, दुखरी कंबर आणि फोटोत फक्त पाणी.

तरीही माझं मत बदललं, ते एका कटकटीमुळे. तिसऱ्या वर्षी आम्हाला पुन्हा त्याच तुकड्यावर नेलं. शेजारच्या वाकड्या खांबावरून मी जागा ओळखली. आधीच्या दोन्ही वर्षांची रोपं कुठं गेली, हे आयोजकांना विचारलं तर म्हणाले, "म्हणून तर परत लावतोय ना!" मोजणी कुणी केली नव्हती. मी मोजली, काळ्या काड्यांमध्ये जिवंत रोपं अकरा होती. जवळच जाळं आवरत बसलेले एक काका म्हणाले, "उघाडी तुंबलीय, पाणी उतरतच नाही. हितं काय जगणार?" उघाडी म्हणजे बांधातली पाणी जायची-यायची वाट.

द्राक्षवाल्या नाशिककराला यापुढं सांगायला नको. बागेत पाणी साचून राहिलं की मुळी काळी पडते. वापसा आल्याशिवाय, म्हणजे जादा पाणी निथळून मातीत हवा खेळल्याशिवाय, आपण पुढचं काम धरत नाही. तिवर या कांदळवनातल्या झाडाची श्वसनमुळं चिखलातून वर येतात तीही हवेसाठीच, आणि ती सतत पाण्याखाली राहिली तर झाड गुदमरतं. कांदळवनालाही त्याचा वापसा लागतो, तो दिवसातून दोनदा ओहोटी देते. साधारणपणे ही झाडं भरती-ओहोटीच्या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्या भागात वाढतात. मोकळी दिसते म्हणून अगदी पाण्याकडची चिखलवट लागवडीला निवडली, तर पैसे बहुधा पाण्यात. फिलिपिन्समध्ये मोठ्या खर्चाच्या लागवडीतली दीर्घकाळात जेमतेम १० ते २० टक्के रोपं जगली. चुकीची जागा आणि लावायला सोपी म्हणून निवडलेली चुकीची जात, ही तिथली मुख्य कारणं. उलट फ्लोरिडात वेस्ट लेकला पर्यावरणतज्ज्ञ रॉबिन लुईस यांनी जमिनीची उंची आणि पाण्याच्या वाटा सुधारल्या. एकही रोप न लावता जंगल आपोआप आलं.

आपल्याकडेही उदाहरणं आहेत. तमिळनाडूत पिचावरमला जुन्या तोडीनंतर जमीन बशीसारखी खचली होती. साचलेलं पाणी उन्हानं आटून मिठाचं प्रमाण वाढत गेलं. तिथं माशाच्या काट्यासारखे चर खणून भरती आत फिरवली. हीच पद्धत आंध्रात गोदावरीच्या मुखाशीही वापरली. ब्रह्मगिरीवरून निघालेलं आपलं पाणी १४६५ किलोमीटर जाऊन ज्या कांदळवनात शिरतं, तेच ते! अर्थात, या ठिकाणी चरांच्या कडेनं रोपंही लावली. पण चर आधी.

म्हणून लागवड वाईट, असं मी म्हणणार नाही. आसपास बी देणारी मोठी झाडंच उरली नसतील, तर पाण्याबरोबर वाहून यायला काही नसतं. तिथं रोपं हवीतच. शिवाय पाटाचं काम आपल्या मनानं होत नाही. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे परवानगी, वनखात्याची माणसं आणि गावकऱ्यांची संमती या सगळ्यांत आमचं एक अख्खं वर्ष गेलं. घाई असलेल्या गटानं या वाटेला जाऊ नये.

आम्ही मोकळा केलेला पाट फार तर शंभर पावलांचा. पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच्या दोन्ही कडांना तिवराची बोटभर रोपटी होती, कुणी न लावलेली. मोजायला बसलो, दोनशेनंतर नाद सोडला. एका जागेच्या अनुभवावरून सगळीकडचं ठरवू नये, हे मान्य. माझी वर्गणी मात्र सध्या तिकडेच जाते.

लागवडीलाच जाणार असाल तर नाव देण्यापूर्वी एवढंच विचारा: गेल्या वर्षीचा तुकडा दाखवाल का? आणि मुलं बरोबर असतील तर खुशाल लागवडीलाच जा. पाटाच्या गाळात ती दहा मिनिटांत कंटाळतात. कपड्यांचे दोन जोड आणि जव्हारच्या वळणांसाठी उलटीची गोळी जवळ ठेवा.