ज्यूइश ब्राइडची बाही बघायला तरी राइक्सम्युझियमला जाच

ॲमस्टरडॅमला जाणार असाल आणि ऑइल पेंटिंगची थोडी जरी आवड असेल तर राइक्सम्युझियममधे नाइट वॉच बघून लगेच बाहेर पडू नका, तो काढणाऱ्या रेम्ब्रां या सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराच्याच 'ज्यूइश ब्राइड'साठी (एका जोडप्याचं चित्र) निवांत वेळ ठेवा. १६६५ ते ६९ च्या दरम्यानचं, म्हणजे त्याच्या अगदी शेवटच्या वर्षांतलं चित्र आहे.

त्यातल्या नवऱ्याची ती सोनेरी बाही! लेड व्हाइट, म्हणजे शिशापासून केलेला पांढरा रंग, इतका जाड लावलाय की रंगाचे अक्षरशः उंचवटे झालेत, त्यावर पिवळ्या रंगाचे पातळ थर, आणि हॉलमधला उजेड त्या उंचवट्यांवर पडतो त्यामुळे कापड खरंच चमकतं. समोरून बघून झालं की बाजूला सरकून तिरकं बघा, तेव्हा जाडी कळते, फोटोत हे येतच नाही. चेहरे आणि हात मात्र मऊ रंगवलेत, कडा विरघळलेल्या, नवरीची बोटं त्याच्या हातावर नुसती टेकलेली. माझ्या मते दोघांमधली सगळी माया त्या बोटांत आहे, आणि आजूबाजूला एवढा खरबरीत जाड रंग आहे म्हणूनच ती इतकी हळुवार वाटतात. व्हॅन गॉग १८८५ मधे इथे आला होता तेव्हा या चित्रासमोरून हलेना म्हणे, ते अगदी पटतं.

त्याच शतकातल्या फ्रान्स हाल्स या डच चित्रकाराचा 'मेरी ड्रिंकर' पण बघा. जवळून हात म्हणजे चारदोन झपाझप फटकारे, दोन पावलं मागे गेलात की माणूस बोलता बोलता थांबल्यासारखा दिसतो. व्हर्मीर या डच चित्रकाराची 'मिल्कमेड' (दूध ओतणारी मोलकरीण) एकदम उलटी, जेमतेम ४५ बाय ४१ सेंटीमीटर, पावावर रंगाचे बारीक ठिपके, भिंतीत खिळा आणि खिळ्यांची भोकं, त्या घरातला रोजचा वापर भिंतीवरूनच कळतो.

रोज ९ ते ५ उघडं असतं, तिकीट वेळेचा स्लॉट घेऊन ऑनलाइन काढा, १८ वर्षांखालच्यांना फ्री आहे. नाइट वॉचवर २०१९ पासून काचेच्या खोलीत अभ्यास आणि रिस्टोरेशन चालू आहे, त्यामुळे त्याचं ब्रशवर्क बघायचं असेल तर म्युझियमच्या वेबसाइटवर ७१७ गिगापिक्सेलचा फोटो आहे तो झूम करून बघा, रंगाला गेलेले तडेसुद्धा दिसतात.