मान्यतेविना उभी राहिलेली दोन विद्यापीठं: कर्व्यांचं आणि टिळकांच्या नावाचं

पुण्यात 5 वर्षांच्या अंतराने दोन खाजगी विद्यापीठं निघाली. दोन्ही सरकारी मान्यतेविना. महर्षी कर्व्यांचं महिला विद्यापीठ 1916 चं, सुरुवातीला विद्यार्थिनी फक्त 5. जपानच्या महिला विद्यापीठावरची पुस्तिका वाचून कर्व्यांना ही वाट सुचली: शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी एक विषय म्हणून, जोडीला गृहशास्त्र.

टिळक महाराष्ट्र विद्यापीठ 1921 चं, असहकाराच्या लाटेतलं. तिथे सरकारपासून दूर राहणं हेच तत्त्व होतं. कर्व्यांना मान्यता हवी होती, मिळत नव्हती. फरक इथे आहे, आणि तो मोठा आहे.

मान्यता नसली की पदवीला नोकरीच्या बाजारात किंमत नाही. मग विद्यार्थी कमी, फी कमी, पगारांची ओढाताण. कर्व्यांना यातून 1920 मध्ये मुंबईचे गिरणीमालक विठ्ठलदास ठाकरसींच्या 15 लाखांच्या देणगीने तारलं. ठाकरसींच्या आईचं, नाथीबाईंचं नाव विद्यापीठाला लागलं. व्याजाचं कायमचं उत्पन्न हाती आल्यामुळे महिला विद्यापीठ टिकलं, असं आमचं स्पष्ट मत आहे. 1936 मध्ये मुख्यालय मुंबईला गेलं, 1951 मध्ये कायदेशीर दर्जा मिळाला.

टिळक विद्यापीठाला अभिमत दर्जासाठी, म्हणजे सरकारने विद्यापीठासमान मानण्यासाठी, 1987 उजाडावं लागलं.