हासचं यूएमसी-५०० की यूएमसी-७५०? जॉब छोटा असेल तर मोठं टेबल महागात पडतं

दोन्ही हास कंपनीची पाच अक्षांची सीएनसी मिलिंग मशिनं, एकाच घरची. उभा स्पिंडल, खाली झुलणारं टेबल, टेबल झुकवणारा बी अक्ष उणे ३५ ते अधिक १२० अंश, जॉब गोल फिरवत राहणारा सी अक्ष, चाळीस टेपर (स्पिंडलमध्ये टूल बसतं त्या शंकूचं माप), स्टँडर्डमध्ये ८१०० आरपीएम, कंट्रोलही तोच. फरक मापाचा. ५००चा एक्स, वाय, झेड प्रवास ६१० × ४०६ × ४०६ मिमी आणि प्लॅटर, म्हणजे जॉब बसवायचा फिरता पाट, ४०० मिमीचं. ७५०चा प्रवास ७६२ × ५०८ × ५०८ आणि प्लॅटर ६३० × ५००. मग सगळे म्हणतात, थोडे पैसे वाढवून मोठंच घेऊ, उद्या मोठा जॉब आला तर? भोसरी-चाकणकडच्या छोट्या जॉब शॉपमध्ये रोजचा जॉब बहुतेक वेळा हातात मावणारा असतो, आणि त्यासाठी हा हिशोब चुकतो.

१०० मिमीचा चौकोनी ठोकळा व्हाइसमध्ये धरून प्लॅटरच्या मध्यावर बसवलाय, असं समजा. बाजूचं तोंड मारायचं, म्हणजे सपाट कापायचं, म्हणून बी ९० अंशावर नेला. आता प्लॅटर भिंतीसारखं उभं आहे, जॉब त्यातून आडवा बाहेर आलाय. ठोकळ्याचं वरचं तोंड मध्यापासून ५० मिमी वर. प्लॅटरची कड मात्र ५००वर २०० मिमी, ७५०वर किमान २५० आणि लांब बाजू वर आली तर ३१५. जॉब प्लॅटरला चिकटून असेल तर हेड, म्हणजे स्पिंडल धरणारा भाग, त्या कडेच्या वरच थांबणार. म्हणजे फक्त तोंडाला टेकायलाच टूल होल्डरसकट ५००वर १५०, ७५०वर २०० ते २६५ मिमी बाहेर हवं. त्यात दहा मिमी मोकळीक धरा. दांडा एकाच जाडीचा मानला, तर १६०चं टूल जेवढं वाकतं त्याच्या सव्वादोन पट २१०चं वाकतं. चॅटर (टूलची थरथर), तिरकी आलेली भिंत, इन्सर्टची कड उडणं, सगळं तिथून सुरू होतं.

यावर उपाय रायझर, म्हणजे जॉबखाली लावायचा उंची वाढवणारा ठोकळा. जॉब प्लॅटरपासून इतका लांब न्यायचा की हेडची अर्धी रुंदी कडेच्या बाहेरून उतरेल. हे माप कॅटलॉगच्या पहिल्या पानावर नसतं, मशिनचं ड्रॉइंग मागून घ्या. पण रायझर फुकट मिळत नाही. अक्षापासून २५० मिमीवर रोटरीची १० आर्क-सेकंदांची (अंशाच्या ३६०व्या भागाची) चूक ०.०१२ मिमी होऊन दिसते. शिवाय वरची उंची खाल्ली जाते: १५०चा रायझर, १०० जॉब, १८० टूल, २५ मोकळीक, झाले ४५५, त्यात व्हाइसची उंची मिळवा. स्पिंडल नोज ते प्लॅटर या कमाल अंतरातून एवढं वजा करून काही उरतंय का ते पाहायचं. ५०० इथेच अडतं. म्हणून डव्हटेल पकड (तळाला कापलेल्या तिरक्या खाचेत धरणारी) असलेला बुटका फिक्स्चर घ्या. तळाला ३-४ मिमीची पकड पुरते आणि पाचही बाजू मोकळ्या राहतात.

आमचा कौल असा: फिक्स्चरसकट जॉब १५० मिमीच्या आसपास असेल तर ५००. पंपाचं हाउसिंग, व्हॉल्व्ह बॉडी, २५०-३०० मिमीचा इंपेलर अशी कामं आठवड्यातून दोन-तीन दिवस नक्की असतील, तर ७५० डोळे झाकून घ्या. "कधीतरी येईल" अशा जॉबसाठी घेऊ नका, तो बाहेरून करून घेतलेला परवडतो.

स्पिंडलचं थोडक्यात. स्टेनलेसमध्ये १२चा एंडमिल १०० मीटर प्रति मिनिट धरला तरी जेमतेम २६५० आरपीएम लागतात, ८१०० भरपूर झाले. ॲल्युमिनियममध्ये ६च्या एंडमिलला ८१००वर फक्त १५३ मीटर मिळतात, कार्बाइडला ते अगदीच कमी. त्या कामाला वाढीव आरपीएमचा स्पिंडल घ्यावाच लागेल. नंतर बदलू म्हणणं महागात पडतं.

डिलिव्हरी घेताना बघण्यासारखी गोष्ट एकच आहे, रोटरी झिरो, म्हणजे बी आणि सीच्या केंद्ररेषांची कंट्रोलमध्ये भरलेली जागा. जी२५४ (टेबल वळल्यावर जॉबचं शून्य आपोआप हलवणारा) आणि जी२३४ (अक्ष फिरताना टूलचं टोक जागेवर ठेवणारा) हे दोन्ही कोड याच आकड्यांवर चालतात. आकडे चुकीचे असतील तर कॅम सॉफ्टवेअरने बनवलेला प्रोग्रॅम कितीही चांगला असो, बाजू जुळत नाहीत. चाचणी सोपी आहे. स्पिंडल आणि अक्ष वीस मिनिटं फिरवून तापवा. बी ९०, सी शून्यावर ठोकळ्याचं एक तोंड मारा. सी १८० करून समोरचं तोंड त्याच झेड मापाला मारा. मधली जाडी मायक्रोमीटरने मोजा. ५०.०० यायला हवी तिथे ५०.०४ आली, तर केंद्र झेडमध्ये ०.०२ने चुकलंय, चूक दुपटीने दिसते. मात्र टूल लेंग्थ चुकली तरी हाच आकडा येतो, म्हणून आधी टूल पुन्हा टच करून, म्हणजे त्याची लांबी परत मोजून, घ्या. नंतर प्रोबने (स्पर्शाने जागा मोजणाऱ्या साधनाने) केंद्र नव्याने भरून तोच ठोकळा एक मिमी खाली परत मारा. सकाळी थंड मशिनवर भरलेले आकडे दुपारच्या पाळीत थोडे सरकतात, त्यामुळे टॉलरन्स ०.०२च्या आतला असेल तर हा प्रोब सायकल रोजच्या सेटिंगमध्येच धरा.

कोटेशनवर सही करण्याआधी प्रोब, जी२५४, जी२३४ आणि ४१५ व्होल्टसाठी ट्रान्सफॉर्मर या चारही गोष्टी "समाविष्ट" म्हणून नावानिशी लिहून घ्या. आणि हा ठोकळा तुमच्या ऑपरेटरला त्यांच्या शोरूममध्ये, तुमच्याच फिक्स्चरवर मारू द्यायला सांगा.